विंगेतला नामदेव

रविवारी दुपारची जेवणं आटोपली आणि सुलभाबाई मुंगमोडे तुरीच्या शेंगांची परडी घेऊन भिंतीवरच्या पडद्यासमोर बसल्या. त्यांना स्वतःचंच नाटक बघायचं होतं. पण स्वतःचं असलं म्हणून काय झालं? पडद्याने आधी त्यांची ओळख पटवली, मग नव्या अटी मान्य आहेत का विचारलं, मग घरात लहान मूल आहे का विचारलं आणि शेवटी मसाल्याची जाहिरात दाखवली. "एवढी चौकशी तर मले पाहाले आलेल्या पाहुण्यांनीबी केली नव्हती," बाई म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

वडसा हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. धान निघालं की इथल्या नाटक कंपन्या टेम्पोत पडदे आणि पेट्या भरून गावोगाव फिरतात. सुलभाबाई अशाच एका कंपनीच्या नायिका होत्या आणि त्यांचा नवरा नामदेव त्याच कंपनीचा प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टरने संहिता घेऊन विंगेत उभं राहायचं आणि नटाला पुढचं वाक्य हळूच सांगायचं. हंगामात एक कंपनी चार-पाच नाटकं फिरवते, तेवढं सगळं पाठ कुणाच्या डोक्यात राहणार? नामदेव सांगायचा, नट बोलायचे आणि टाळ्या नट घ्यायचे.

लेक तेजल दोन वर्षांची असताना कावीळ होऊन नामदेव गेला. त्याचा आवाज एकाच ठिकाणी उरला, 'तुटलेल्या पैंजणाची शपथ' या नाटकाच्या चित्रणात. लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका पोराने मंचावर एकच माइक टांगून ते केलं होतं. दर वाक्याच्या आधी विंगेतून नामदेवची बारीक, किनरी कुजबुज यायची. तेजलला वडील माहीत होते ते एवढेच. लहानपणी ती हे नाटक बघायचीच नाही, पडद्याकडे पाठ करून बसायची आणि कुजबुज ऐकायची.

घरातली सीडी घासून घासून गेली. मूळ चित्रण कंपनीच्या मालकांनी 'दृश्यधारा' नावाच्या मोठ्या चित्रसेवेला देऊन टाकलं. मग सुलभाबाईंनी ते नाटक दृश्यधारेवर रीतसर विकत घेतलं. बटणावर 'विकत घ्या, कायमचं' असं लिहिलं होतं आणि बाईंनी त्यावर विश्वास ठेवला. आपण तरी दुसरं काय करतो?

आज चित्र भलतंच सुरेख दिसत होतं. मागच्या पडद्यावरचं ठिगळ गायब, पेट्रोमॅक्ससारखा पिवळा उजेड गायब. तरुण सुलभा नुकतीच न्हाऊन आल्यासारखी टवटवीत दिसत होती. बाई खूश झाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, विंगेतून काही ऐकू आलेलं नाही. त्यांनी आवाज वाढवला. नट एकामागोमाग एक धडाधड बोलत होते आणि त्यांच्या वाक्यांमागे नुसती शांतता होती.

तेवढ्यात घर सोडून जायचा प्रवेश आला आणि बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

या प्रवेशाची गंमत अख्ख्या झाडीपट्टीला ठाऊक होती. चित्रणाच्या त्या प्रयोगात नामदेवची पानं सरमिसळ झाली होती. त्याच आठवड्यात कंपनी एक दरोडेखोरांचं नाटक बसवत होती आणि दोन्ही संहिता एकाच पिशवीत. नायिका उंबरठ्यावर उभी, समोर नवरा, आणि विंगेतून नामदेवने सांगितलं, "बंदूक खाली ठेवा." सुलभाबाई प्रॉम्प्टरच्या बोलण्यावर डोळे मिटून चालणाऱ्या. त्या ठणकावून म्हणाल्या, "बंदूक खाली ठेवा." नवऱ्याची भूमिका करणाऱ्याच्या हातात होती छत्री. मंडप गप्प. मग बाईंनी एक पाऊल पुढे टाकलं आणि म्हणाल्या, "तुमच्या जिभेची बंदूक म्हणते मी. सात वर्षं तिच्यापुढे उभी आहे." मंडप टाळ्यांनी दणाणला. पुढे प्रत्येक गावात लोक तेच वाक्य मागायला लागले.

आणि आता भिंतीवरची टवटवीत सुलभा हात जोडून म्हणत होती, "मी जाते, पण या घरातला दिवा विझू देऊ नका."

"तेजल," बाईंनी हाक मारली. "इकडं ये. हे मी कधी बोललीच नाही."

तेजल नागपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि शनिवार-रविवार आईकडे यायची. ओले हात पुसत ती आली. तो प्रवेश तिने पुन्हा लावून पाहिला, मग आणखी एकदा. ओठ बरोबर हलत होते. आवाज आईचाच होता. वाक्य मात्र संहितेतलं होतं, मंचावर कधीच न बोललं गेलेलं.

"आई, बाबांचा आवाजही नाही," ती म्हणाली.

"तेच म्हनून राहिली मी."

तेजल आईशेजारी खाली बसली. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला काय झालं असेल हे लगेच उमगलं आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. "आता हे लोक चित्रण साठवतच नाहीत गं," ती म्हणाली. "त्याला फार जागा लागते. त्याचं ते बीज करून ठेवतात. गोष्ट काय आहे, चेहरे कसे आहेत, कोणाचा आवाज कसा, एवढंच. आपण बघायला बसलो की त्या बीजातून चित्र नव्याने उगवतं. बीजचित्रण म्हणतात त्याला. बीज करताना यंत्र खराब झालेला भाग दुरुस्त करतं. मालकांनी संहिता दिली असणार, यंत्राने ती खरी धरली आणि तुझं वाक्य चूक ठरवलं."

"अन् तुझा बाप?"

तेजलने फोन हातात घेतला.

दृश्यधारेच्या मदतवाणीवर एक गोड आवाज भेटला. आपल्या पाहण्याच्या अनुभवात सुधारणा झाल्याबद्दल त्याने दोघींचं अभिनंदन केलं. तेजल म्हणाली, आम्हाला सुधारणा नको, जुनी प्रत द्या, आम्ही ती विकत घेतली आहे. गोड आवाज म्हणाला, आपण पाहण्याची मुभा घेतली आहे आणि ती मुभा आजही अबाधित आहे. तेजलने हेच तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं आणि तिन्ही वेळा तिला तेच उत्तर तितक्याच गोडव्याने मिळालं. दुकानातून साडी आणावी, पेटीत ठेवावी, आणि एक दिवस पेटी उघडली तर काठ बदललेले. वर दुकानदार म्हणणार की नेसायची मुभा आहे ना. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

सुलभाबाईंनी मात्र भांडायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी त्या लेकीबरोबर नागपूरला दृश्यधारेच्या कार्यालयात गेल्या. घरी त्या झाडीतलं बोलायच्या, पण डोकं तापलं की भाषा रंगमंचावरची व्हायची. स्वागतिकेपुढे उभं राहून त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? उत्तर मिळाल्याशिवाय ही सुलभा इथून हलणार नाही." शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असलेली बाई ती. तिसऱ्या मजल्यावरून माणसं खाली आली.

त्यांत ध्वनी विभागाची शाहीन काझी होती. तिशीतली, चटपटीत मुलगी. तिने दोघींना आपल्या खोलीत नेलं, चहा मागवला आणि नाटकाचं बीज उघडून सगळी नोंद तपासली.

"वाक्याचं काम आजच होईल," ती म्हणाली. "कलावंताला स्वतःच्या भूमिकेतली दुरुस्ती मागता येते, तसा आमचाच नियम आहे. कुणी मागत नाही म्हणून कुणाला माहीत नाही. तुमचा आवाज बीजात आहे, तुम्ही सांगाल ते वाक्य पुन्हा बसवता येईल. पण विंगेतला आवाज यंत्राने गोंगाट म्हणून बाजूला काढलाय."

"बाजूला काढला म्हणता ना? मग ठेवला कुठे?" सुलभाबाईंनी विचारलं.

शाहीनने मान खाली घातली. "ठेवत नाहीत, बाई. टाकून देतात. मूळ चित्रणही आता कुठे नाही."

 तेजल रडायला लागली. एवढी मोठी बाई, कॉलेजात पोरांना दटावणारी, आणि परक्या माणसासमोर हुंदके देत होती. सुलभाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "एकदा काविळीनं नेला," त्या शाहीनला म्हणाल्या, "अन् आता तुम्ही. मले राग तुझा नाही येत, पोरी. पन हिच्याजवळ बापाचं दुसरं काहीच नाही."

शाहीनने बीजाची नोंद पुन्हा वरपासून चाळली. मग म्हणाली, "त्यांचा आवाज दुसरीकडे कुठे असेल? फोनवरचा एखादा निरोप, कुणाच्या लग्नातली शूटिंग? थोडा नमुना मिळाला तरी बीज तयार करता येईल."

"प्रॉम्प्टरची शूटिंग कोन करते? फोन होता, पन निरोप जपून ठेवायचं कोनाच्या डोक्यात होतं? नामदेवले तर फोनवर बोलनंच आवडत नव्हतं. त्याचं आपलं एकच." सुलभाबाईंनी हनुवटी गळ्याशी नेली, डोळे अर्धवट मिटले आणि पोटातून आवाज काढला. "हं. पुढं घ्या, बाई. झोपले काय?"

शाहीन हसली. हसता हसता मधेच थांबली.

"हे पुन्हा करा."

"काय?"

"आत्ता केलंत ते. त्यांची नक्कल."

"अवो, माझी काय घेऊन बसल्या. मले सगळ्यात खराब येते. आमच्या कंपनीत समद्यांनाच नामदेव करता येते." हे खोटं नव्हतं. झाडीपट्टीच्या टेम्पोत एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना करमणूक एकच, प्रॉम्प्टरची नक्कल. जो माणूस अख्खी रात्र कानात बोलतो त्याची टिंगल दिवसा करायची, ही रीत. नामदेव स्वतःही पुढच्या सीटवर बसून हसायचा आणि कुणाची नक्कल कुठे कच्ची आहे ते सांगायचा.

शाहीनने खुर्ची पुढे ओढली. "नक्कल करताना माणूस स्वतःचा आवाज सोडतो आणि दुसऱ्याच्या दिशेने जातो. तो किती आणि कुठल्या दिशेने गेला, हे मोजता येतं. एकाची नक्कल विश्वासाची नसते, तो आपल्याला हवं ते फुगवतो. पण दहा जण वेगवेगळ्या ठिकाणांहून निघाले आणि एकाच जागी येऊन पोचले, तर ती जागा खरी. तिथे तुमचे नामदेवराव असतील."

तेजलने डोळे पुसले. तिच्यातली शिक्षिका जागी झाली होती. "म्हणजे प्रत्येक नकलेतून त्या नटाचा मूळ आवाज वजा करायचा," ती म्हणाली. "आणि सगळ्यांत सामाईक उरेल ते घ्यायचं."

"तेच. हे याआधी कुणी केलेलं नाही. पण का होऊ नये?"

आठवड्याभरात शाहीन आपली यंत्रं घेऊन वडशाला आली. कंपनीच्या तालमीच्या खोलीत सुलभाबाईंनी जुनी मंडळी जमवली होती. खलनायक करणारे राघोजी उईके काठी टेकत आले. विनोदी भूमिका करणाऱ्या पार्वताबाई शेंडे दारातूनच नामदेवच्या आवाजात ओरडल्या, "हं, पुढं घ्या, बाई," आणि सगळे खदखदले. शाहीनने प्रत्येकाकडून आधी वर्तमानपत्रातली बातमी साध्या आवाजात वाचून घेतली आणि मग नामदेव करायला सांगितलं. सराव मोडला होता, पण पाच मिनिटांत सगळ्यांचे गळे मोकळे झाले. नामदेव खोकायचा कसा, पान उलटताना 'थांबा' म्हणायचा कसा, चिडला की नटाच्या खऱ्या नावाने हाक कशी मारायचा. राघोजींनी तर बंदुकीचा किस्सा पूर्ण करून दाखवला. "आमाले त्यानं कदी पडू नाही देलं," ते म्हणाले.

तेजल कोपऱ्यात बसून ऐकत होती. पहिल्यांदा तीही हसली. मग तिने डोळे मिटून नीट ऐकलं. हे सगळे जण खर्जात, भरदार, छातीतून येणारा आवाज काढत होते. तिच्या बाबांचा आवाज तर बारीक होता, नाकातून येणारा, जरासा घाबरल्यासारखा. नटमंडळी वाढवून सांगतात, तिने स्वतःची समजूत घातली. वजाबाकीत ते निघून जाईल.

काही दिवसांनी शाहीनचा फोन आला. दोघी नागपूरला गेल्या. खोलीतल्या मोठ्या पडद्यावर नाटक लागलं, घर सोडून जायचा प्रवेश. शाहीनने सांगितलं की बीज तयार आहे, बाईंचं वाक्य परत बसवलंय, विंगेतलं बोलणं संहितेवरून आणि मंडळींच्या आठवणींवरून भरलंय, आता फक्त ऐका.

विंगेतून आवाज आला. "बंदूक खाली ठेवा."

जाड, उबदार, तळातून आलेला आवाज. तो कुजबुजत होता, तरी अंगावर घोंगडी टाकल्यासारखा वाटत होता. सुलभाबाई खुर्चीतून उठल्या. त्या उठल्या हे त्यांना कळलंही नसावं. पडद्यावरच्या तरुण सुलभेने तोंड उघडायच्या आत खोलीतल्या सुलभाबाई बोलून मोकळ्या झाल्या होत्या, "बंदूक खाली ठेवा," त्याच ठसक्यात. मग त्या भिंतीला टेकल्या आणि रडायला लागल्या, आणि रडता रडता हसत होत्या. "आला," त्या म्हणाल्या. "हाच आहे. पोरी, अगदी हाच आहे. काय केलंस तू हे."

शाहीनचेही डोळे भरले. तिने मोठ्या अभिमानाने तेजलकडे पाहिलं.

तेजल जागची हलली नव्हती. "हे माझे बाबा नाहीत," ती म्हणाली.

शाहीनने चित्र थांबवलं.

"बाबांचा आवाज बारीक होता," तेजल म्हणाली. "मी तीस वर्षं ऐकलाय. झोपेतही ओळखेन. हा कोणीतरी दुसराच माणूस आहे."

"बारीक?" सुलभाबाईंना खरंच नवल वाटलं. सीडीतली कुजबुज ऐकतानाही त्यांच्या कानात नामदेवचा खराच आवाज वाजायचा. "नामदेवचा आवाज बारीक? अवो, तो घरात बोलला का भांडे वाजत."

सीडीतला आवाज बारीक का होता, हे तेजलला त्याच क्षणी समजलं होतं. स्वस्तातला माइक, त्याला खर्जाचे सूर पकडायची ताकदच नव्हती. वरचे तेवढे पकडले, तेच सीडीवर उतरले, आणि तिने त्या उरलेल्या पातळ आवाजातून एक बाप उभा केला. किडकिडीत, भिडस्त, हळू बोलणारा. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती त्याच्याशी बोलली होती. नोकरी लागली तेव्हा पहिलं त्याला सांगितलं होतं. हे सगळं तिने त्या दोघींना सांगितलं, वर्गात सांगावं तसं, नीट क्रमाने. कारण कळल्याने काही हलकं झालं नाही.

शाहीन सावकाश बोलू लागली. "एक करता येईल. तेजलताईंच्या कानात जो आवाज आहे तोही मी बनवू शकते. खालचे सूर कापायचे, त्या सांगतील तसं तासत जायचं. पण वडशाला बाई मला म्हणाल्या होत्या की त्यांना पुन्हा कधीही न बदलणारी प्रत हवी. ती मी मंजूर करून आणली आहे. स्थिरप्रत. ती एका चकतीवर तुमच्या घरी राहील आणि दृश्यधारेवरही सगळ्यांना तीच दिसेल. एकदा बांधली की बांधली, मग मलासुद्धा तिला हात लावता येणार नाही. आणि एका नाटकाची एकच बांधता येते."

सुलभाबाईंनी पदराने तोंड पुसलं. त्या लेकीशेजारी येऊन बसल्या. एवढा वेळ त्या नवऱ्याला भेटत होत्या, आता त्यांना लेक दिसली.

"मी त्याच्यासंग आठ वर्षं राहिली," त्या म्हणाल्या. "त्याचा आवाज मी आज ऐकला, माझं झालं. आता चकती नसली तरी मले चालते. तुझ्याजवळ तर तेवढा बारीक आवाजच होता. तो पुसला जाऊ देनार नाही मी. तू सांगशील तो बांधू. मी रागावनार नाही."

"पण तो खोटा आहे, आई. माइकने केलेला आहे."

"खोटा कसा? तुले त्यानंच मोठं केलं."

तेजलने आईकडे पाहिलं. मग शाहीनला तो प्रवेश पुन्हा लावायला सांगितला. तिने लहानपणासारखी पडद्याकडे पाठ केली. जाड आवाज आला, वाक्य सांगून थांबला, पुढचं सांगितलं, मधे खोकला, चिडून कुणाला तरी 'राघो, पाऊल मागं' म्हणाला. आवाजाला घाई नव्हती. समोर मंचावर काहीही झालं तरी हा माणूस विंगेतून हलणार नाही, असं त्यात होतं. हे तिच्या बाबांमध्ये कधी नव्हतं. किंवा असेल, तिला ऐकू आलं नव्हतं.

प्रवेश संपला. शाहीनचा हात बटणाजवळ थांबला होता.

"कुठला बांधू?" तिने विचारलं.

"थांब जरा," तेजल म्हणाली. नाटकाच्या त्या अख्ख्या चित्रणात नामदेव नायिकेशी बोलला होता, खलनायकाशी बोलला होता, पडदेवाल्यावरसुद्धा खेकसला होता. लेकीशी बोलायची त्यात सोयच नव्हती. तिने आईचा हात घट्ट धरला.

"आई, या आवाजात ते मला काय म्हणून हाक मारायचे?"